पाठराखीण

१

"वासावर जायचं नाही," ग्लेनिस म्हणाली. "इथे नाकावर भरवसा ठेवणाऱ्यांना आम्ही पेटीतून घरी पाठवतो."

हे माझं स्वागत. अंगावर कडक निळा डगला, पायात चावणारे नवे बूट, आणि बॅगेत रसायनशास्त्राची पदवी. त्या पदवीचं काय कौतुक झालं होतं म्हणून सांगू! पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या जेराल्डटनच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सगळे समुद्रातली शेवंडं पकडणारे. कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बाबांनी धक्क्यावर भेटेल त्याला थांबवून सांगितलं होतं, आमची टॅम्सिन गॅस कंपनीत केमिस्ट लागली. आणि केमिस्ट काय करत होती? बाटल्या धूत होती. नव्या पदवीधराने आधी बाटल्या धुवायच्या, ही इथली रीत. सहा महिने टिकली तर पुढचं बघू, नाहीतर विमानात बस आणि चालू लाग.

ग्लेनिस प्रयोगशाळेची मुख्य. पन्नाशी उलटलेली, केस पुरुषासारखे आखूड, चहा इतका काळा की चमचा उभा राहावा. समुद्रातल्या विहिरींतून येणारा कच्चा गॅस आमच्या कारखान्यात धुतला जातो, आणि त्यात एक विषारी वायू मिसळलेला असतो. तो थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो. जास्त झाला की आधी नाकच बधिर होतं आणि वास नाहीसा होतो. माणसाला वाटतं, चला, हवा मोकळी झाली. तो बिनधास्त श्वास घेतो, आणि तिथेच आडवा होतो.

म्हणून रोज न्याहारीनंतर कच्च्या गॅसचा नमुना घ्यायला जाताना दोघांनी जायचं, पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मास्क लावून. एकाने व्हॉल्व्ह उघडून पोलादी बाटली भरायची. दुसऱ्याने त्याच्या मागे मोठं मीटर धरून उभं राहायचं. तो पाठराखा. छातीवर प्रत्येकाचं एकेक छोटं मीटर असतंच, पण ते त्या जागी सारखंच कोकलत असतं, त्याला कोण विचारतो! तिथे कंप्रेसरचा एवढा कल्लोळ की स्वतःचं ओरडणंही ऐकू येत नाही. आणि नमुना घेणाऱ्याने मागे वळून पाहायचं नाही, कारण मान फिरवली की हनुवटीपाशी मास्क सुटतो. मग बोलायचं कसं? हाताने. पाठराख्याने खांद्यावर थाप मारली की त्याचा अर्थ, ठीक आहेस ना? त्यावर न वळता अंगठा वर करायचा. काम संपलं, मीटर शून्यावर आलं, की पाठराखा हेल्मेटवर पूर्ण पंजा ठेवतो. याचा अर्थ, हवा मोकळी आहे, मास्क काढ. मग मास्क काढून ती जड बाटली उचलायची आणि नळांच्या बोळातून बाहेर पडायचं.

"आणि पंजा चुकून पडला तर?" मी विचारलं.

"चुकून पडत नाही," ग्लेनिस म्हणाली. "एवढंच एक काम इथे कोणी चुकून करत नाही, पोरी."

२

माझा पाठराखा वॉरिक होता. प्लांटचा जुना ऑपरेटर, कॅलगुर्लीच्या सोन्याच्या खाणींकडचा, ताडमाड उंच, उन्हाने भाजून भाजून कातडं तांबडं झालेलं. तोंडाची टकळी अखंड चालू. मला तो पहिल्या दिवसापासून 'प्रोफेसर' म्हणायचा.

"प्रोफेसर, पाना कोणत्या बाजूला फिरवतात हे शिकवलं का विद्यापीठात, की ते पुढच्या वर्षी होतं?"

"मागे उभं राहून नुसतं मीटर धरायला कोणतं विद्यापीठ लागतं ते सांग आधी," मी म्हणायची. तो खूश व्हायचा. त्याला उलटून बोलणारी माणसं आवडायची. आम्हा दोघांचं त्यावरच जमलं.

नमुना घ्यायची जागा म्हणजे दोन जाड नळांमधला अरुंद बोळ. समोर व्हॉल्व्ह, उजवीकडे पाठराख्यापुरती जागा, आणि डावीकडे वीतभर अंतरावर पांढऱ्या पत्र्यात गुंडाळलेला नळ. त्या बाजूला मांजर उभं राहील, माणूस नाही. सकाळचंच ऊन, पण असं की पत्र्याकडे बघवत नाही. बाहेर खारफुटीवर पांढऱ्या काकाकुव्यांचा गोंधळ, आत कंप्रेसरचा. मास्क चढवला की हे सगळं लांब जातं, आणि उरतो फक्त आपला श्वास. आत, बाहेर. आत, बाहेर.

मी बाटली जोडली, व्हॉल्व्ह उघडला. उजव्या खांद्यावर थाप पडली. मी अंगठा वर केला. बाटलीतून गॅस खेळू दिला, एकदा, पुन्हा एकदा, पद्धतीप्रमाणे. डाव्या खांद्यावर थाप पडली. मी अंगठा वर केला. व्हॉल्व्ह बंद केला, नळी सोडवली. थोड्या वेळाने हेल्मेटवर पंजा आला. मास्क काढला तेव्हा घामाने केस कपाळाला चिकटले होते आणि मी वेड्यासारखी हसत होते. एवढी मोठी गोष्ट मी केली होती.

"हात लांब आहेत हं तुझे," बाहेर आल्यावर मी वॉरिकला म्हटलं.

"का गं?"

"डावीकडून थोपटलंस ना. एवढा वाकलास कशाला? उजवा खांदा झिजतो का माझा?"

तो नळी गुंडाळत होता. त्याचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

"मी एकदाच थोपटलं," तो म्हणाला. आणि लगेच त्याचा नेहमीचा सूर लागला. "ऊन लागलं तुला, प्रोफेसर. चल, काहीतरी थंड पी."

३

आता मी काही भित्री भागुबाई नाही. लहानपणी बाबांच्या बोटीवर वादळात उलट्या करत सापळे ओढलेत. त्या दिवशी दुपारी कामगारांच्या कॅम्पमधल्या पत्र्याच्या खोलीत पडल्यापडल्या मी सगळं नीट मांडून पाहिलं. हवेच्या टाकीचा पट्टा डाव्या खांद्यावरून जातो. तो नवा आहे, ताठ आहे. मी वाकले की तो उचलला जातो आणि सरळ झाले की खाली आपटतो. झालं. थाप म्हणजे पट्टा. एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ!

एसी घरघरत होता. त्याचं पाणी बाहेर पत्र्यावर टपटपत होतं. मी उठून, सोबत आणलेला तोच पट्टा, तोच डगला घालून आरशासमोर उभी राहिले. वाकले, उठले, वाकले, उठले. पट्टा खांद्यावर घट्ट बसला होता. तो जागचा हलत नव्हता.

जेवणघरात संध्याकाळी लोकांची नेहमीची झुंबड. मटणाच्या चॉप्स, उकडलेले बटाटे, टीव्हीवर फुटबॉल. वॉरिक माझ्या पुढे रांगेत उभा होता, हातात ताट, आणि स्वयंपाक्याशी त्याची हुज्जत चालली होती की वाटाणे हिरवे आहेत की करडे. बोलता बोलता त्याचा रिकामा हात वर आला. अंगठा वर. जरासा थांबला, आणि खाली गेला. वाटाण्यांवरचं बोलणं तसंच चालू.

मला हसू आलं. म्हटलं, सवय बघा माणसाची!

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी तराजूपाशी बसले होते आणि ग्लेनिस माझ्याकडे पाठ करून सिंकमध्ये कप विसळत होती. खोलीत आम्ही दोघीच. पंखा, नळाचं पाणी, बस, एवढाच आवाज. तिने ओला डावा हात खांद्याच्या उंचीला आणला आणि अंगठा वर केला. पाणी कोपरावरून ओघळून फरशीवर पडलं. मग ती पुन्हा कप विसळू लागली.

या वेळी मला हसू आलं नाही.

"ग्लेनिस," मी म्हटलं, "आत्ता तू अंगठा कोणाला दाखवलास?"

"कधी?"

"आत्ताच."

तिने नळ बंद केला. मागे वळून पाहिलं नाही, एवढं माझ्या लक्षात आलं. कप पुसला, जागेवर ठेवला, हात पुसले, आणि मग भिंतीच्या कडेकडेने माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ही नोकरी तुला हवी आहे ना?" तिने विचारलं. रागाने नाही, अगदी मायेने विचारलं.

"हवी आहे."

"मग अंगठा दाखवायचा आणि हातातलं काम करायचं. इथे सगळे तेच करतात."

४

मी अंगठा दाखवायचा नाही असं ठरवलं. हट्ट म्हणा हवं तर. मी विज्ञान शिकले आहे. एखाद्या गोष्टीचा उलगडा होत नसेल तर एक बदल करून पाहायचा, आणि काय होतं ते बघायचं. दुसरं मला काय येतं?

एव्हाना रोजचंच झालं होतं. उजव्या खांद्यावर वॉरिकची थाप, आणि मग कधीतरी डाव्यावर ती दुसरी. वॉरिकची थाप धसमुसळी, त्याच्या स्वभावासारखी. दुसरी हलकी, सगळी बोटं एकदम टेकणारी. त्या सकाळी वारा पडला होता आणि माशांनी नुसता उच्छाद मांडला होता. मी बाटली भरायला घेतली. उजवीकडे थाप पडली. अंगठा दाखवला. आणि मग डावीकडे.

मी हात व्हॉल्व्हवरून काढला नाही.

पुन्हा थाप पडली. तशीच हलकी.

मी समोरच्या पितळी चाकाकडे बघत राहिले. श्वास आत, बाहेर. मास्कची काच कडेने धुरकटली. तिसऱ्यांदा थाप पडली ती जरा जोरात. मग हात उचललाच गेला नाही. तो खांद्यावर तसाच राहिला, आणि त्याचं वजन वाढायला लागलं. डगल्याचं कापड गळ्यापाशी ताणलं गेलं. मी वाकत चालले होते, गुडघे दुमडत होते. भीती म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं, सरळ सांगते. ओरडावंसं वाटलं, पण मास्कमध्ये ओरडून हवा संपते, एवढं तरी डोक्यात होतं. मी अंगठा वर केला.

वजन गेलं. लगेच गेलं. समाधान झाल्यासारखं.

बाहेर आल्यावर मी मास्क भिरकावला आणि वॉरिकला सगळं सांगून टाकलं, आरशासकट. त्याने चेष्टा करावी अशी माझी फार इच्छा होती. त्याने केली नाही. तो सावलीत टेकला, हेल्मेट काढलं, केसांतून हात फिरवला.

"मी मागेच होतो," तो म्हणाला. "तू खाली खाली का जातेस ते मला कळेना. वाटलं, चक्कर आली. मी हात लावणार होतो तुला."

"पण लावला नाहीस."

"नाही लावला."

"वॉरिक, तुलाही होतं ना हे?"

तो बुटाने लाल माती उकरू लागला. "बायकोला सांगितलं होतं एकदा," तो म्हणाला. "ती म्हणाली, विचारतंय ना, ठीक आहेस का? विचारू दे की. कोणी विचारणारं आहे हे काय वाईट?" मग तो माझ्याकडे बघून ओशाळं हसला. "नुसतं विचारतं गं, पोरी. त्याहून जास्त काही नाही."

"आणि उद्या विचारायचं सोडून सांगायला लागलं तर?" मी म्हटलं. "उद्या त्याने हेल्मेटवर पंजा ठेवला तर?"

वॉरिकचं हसू मावळलं. हा विचार त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

५

मी विनवलं तेव्हा ग्लेनिसने आमची अदलाबदल केली. कारण तिने विचारलं नाही. यापुढे वॉरिक नमुना घेणार, मी मागे मीटर धरून उभी राहणार. मी पाठराखीण झाले.

मागून पाहणं वेगळंच असतं. समोर वॉरिकची रुंद पाठ, पिवळी टाकी, पांढरं हेल्मेट. त्याच्या डावीकडे नळ आणि वीतभर ऊन. मी उजव्या खांद्यावर थाप मारायचे, अंगठा वर व्हायचा. आणि मग मी काहीही न करता अंगठा पुन्हा वर व्हायचा.

एकदा मी मीटरकडे बघायचं सोडून मुद्दाम त्याच्या डाव्या खांद्याकडेच पाहत राहिले. डगला घामाने भिजून अंगाला चिकटला होता. बघता बघता खांद्यावर ते कापड दबलं. चार खळगे शेजारी शेजारी, आणि थोडा मागे, माझ्या बाजूला, एक. वॉरिकने अंगठा दाखवला. खळगे भरून आले आणि कापड पूर्ववत झालं.

अंगठ्याचा खळगा माझ्या बाजूला होता. म्हणजे हात मागून टाकलेला होता, मी उभी होते तिथूनच. मी मागे सरकले तर पाठीवरची टाकी पत्र्यावर आपटली. त्याच्यात आणि माझ्यात दुसरं कोणी मावेल एवढी जागाच नव्हती.

त्या दिवशी मी वॉरिकला धरून बसवलं आणि करार केला. हेल्मेटवर पंजा आजपासून बंद. मीटर शून्यावर आलं की मी स्वतः वाकून, त्याच्या उजवीकडून पुढे होऊन, त्याच्या समोर तोंड आणेन. काचेतून माझा चेहरा दिसला तरच त्याने मास्क काढायचा. कोणी खांद्यावर मारो, डोक्यावर मारो, नाहीतर लाथ मारो, माझा चेहरा दिसल्याशिवाय नाही.

"म्हणजे तुझं थोबाड बघितल्याशिवाय मला श्वास घ्यायची बंदी," वॉरिक म्हणाला. "लग्न करतेस का माझ्याशी, प्रोफेसर? अटी तर तशाच दिसतात."

"कबूल का नाही ते सांग. मस्करी नको."

"कबूल, बाई, कबूल." मग तो थोडा गंभीर झाला. त्याने माझ्या हेल्मेटवर टिचकी मारली. "तुझा चेहरा, दुसरं काही नाही. लक्षात ठेवीन."

हे चांगलं चाललं. पुढचे कितीतरी दिवस मी वाकून पुढे व्हायचे, तो काचेआडून डोळे तिरळे करून दाखवायचा, आणि मग मास्क काढायचा. रात्री मला झोप लागू लागली. घरी फोनवर बाबांना सांगितलं, काम जमतंय. ते म्हणाले, जमणारच, कोणाची मुलगी आहेस!

६

त्या सकाळी वाऱ्याची पिशवी काठीवर मेल्यासारखी लोंबत होती. वारा नसला की सुटलेला गॅस नळांमध्ये तसाच साचून राहतो, लवकर जात नाही. वॉरिकने बाटली भरली, व्हॉल्व्ह बंद केला, नळी सोडवली. मी मीटर पाहिलं. आकडा वर होता. खूप वर होता. मी त्याच्या उजव्या खांद्यावर थाप मारली, ठीक आहेस ना? त्याने अंगठा दाखवला.

मी थांबले. तो थांबला. आकडा खाली येईना. छातीवरचं मीटर थरथरत होतं. नळाच्या पत्र्यावर ऊन असं तापलं होतं की त्याच्यावरची हवा हलताना दिसत होती.

आणि वॉरिकने मान वर केली.

तो समोर बघत होता. समोर काय, तर व्हॉल्व्ह, आणि त्याच्यामागे उन्हाने भरलेला बोळ. मला त्याच्या कोपराखालून सगळं दिसत होतं. तिथे कोणी नव्हतं. मग त्याने मान जराशी खाली केली. तो उंच माणूस आहे, मी त्याच्या छातीला लागते. माझ्याकडे बघताना तो नेहमी मान वाकवतो. तेवढीच मान त्याने वाकवली, डावीकडे नाही, उजवीकडे नाही, अगदी समोर. तो कोणाच्या तरी चेहऱ्याकडे बघत होता, आणि तो चेहरा माझ्या उंचीवर होता.

त्याने मान डोलावली. त्याचा हात मास्कच्या पट्ट्याकडे गेला.

मी ओरडले. माझंच ओरडणं माझ्या कानात फुटलं, बाहेर काही गेलं नाही. मी मीटर टाकलं आणि त्याच्या दंडाला लोंबकळले, पण तो तेवढ्यात मास्क ओढून खाली करत होता. त्याचा चेहरा मला बाजूने दिसला. त्याने डोळे तिरळे केले होते. तो हसत होता, अगदी आमच्या रोजच्या हसण्यासारखं, आणि त्याने दीर्घ श्वास घेतला.

तो उभ्याचा आडवा झाला. मी गळ्यातला धोक्याचा खटका दाबला, मास्क पुन्हा त्याच्या तोंडावर दाबून धरला, आणि एवढं अवजड धूड त्या बोळातून कसं ओढलं ते माझं मला ठाऊक नाही. त्याचे बूट नळांवर आपटत होते. 'नको, नको, नको' असं मी रडत बडबडत होते. आणि ओढताना, डावीकडे वीतभर जागा सोडून कोणीतरी माझ्या बरोबरीने मागे मागे येत असल्यासारखं मला वाटत होतं. मी वळून पाहिलं नाही. हनुवटीपाशी मास्क सुटला असता.

७

वॉरिक वाचला. त्याला विमानाने पर्थला नेलं. फुफ्फुसात पाणी झालं होतं, पण माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला. ग्लेनिसने मला हे सांगितलं तेव्हा मी प्रयोगशाळेच्या फरशीवर बसून लहान मुलीसारखी रडले.

चौकशीला पर्थहून दोघं आले होते. तिथला कॅमेरा नळांच्या आड होता, त्यामुळे त्यांना जे काही कळायचं ते माझ्या तोंडूनच. त्यांनी नीट, सभ्यपणे विचारलं. मीटर शून्यावर नव्हतं, मग तू पुढे का झालीस? मी म्हटलं, मी पुढे झालेच नाही. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला एक म्हणाला, "वॉरिकचं म्हणणं वेगळं आहे."

सुट्टी मिळाल्या मिळाल्या मी विमान पकडलं. पर्थच्या विमानतळावरून बॅगेसकट सरळ इस्पितळ गाठलं. घरीही कळवलं नव्हतं. खोली स्वच्छ, उजेडाची, खिडकीतून नदी दिसत होती. वॉरिक उशांना टेकून बसला होता, एकदम म्हातारा दिसत होता. नाकाखाली प्राणवायूची नळी. भिंतीवरच्या नळकांड्यात बुडबुडे फुटत होते. दाराशी नर्सने मला बजावलं होतं, नळी अजून काही दिवस क्षणभरही निघता कामा नये.

मला पाहून त्याचा चेहरा उजळला. राग नाही, काही नाही. तेच मला सहन होईना.

"वॉरिक, मी तुझ्या मागे होते," मी बसायच्या आधीच म्हटलं. "देवाशपथ सांगते, मी पुढे आले नाही."

"आली होतीस गं," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. आवाज खरखरीत झाला होता. "वाकून पुढे आलीस, ठरलं होतं तशी. काचेतून हसलीस. मीही तोंड वेडावलं. तू मीटर वाचताना चुकलीस, एवढंच. चूक कोणाचीही होते. तू मला बाहेरही ओढलंस ना? मी चौकशीवाल्यांनाही तेच सांगितलं, पोरीला काही बोलू नका म्हटलं. आणि कालही मी तुला हेच सांगितलं की. तू ऐकतच नाहीस."

"काल?"

"काल याच खुर्चीत बसली होतीस."

काल मी तिकडे उत्तरेला, कारखान्यावर होते, कॅम्पच्या खोलीत, बॅग भरत. मी हळूच विचारलं, "काल मी काय म्हणाले?"

"विसरलीस? नेहमीचंच. ठीक आहेस ना, विचारलंस. मी अंगठा दाखवला. मग म्हणालीस, ही नळी उगाच आहे, आता हवा मोकळी आहे, काढून टाक. मी म्हटलं, नर्स फाडून खाईल. तर म्हणालीस, बरं, उद्या मी आले की काढ." त्याने हात वर केला. बोटं नळीपाशी थांबली होती, आणि तो वाट बघत होता. "मग? काढू ना?"

मी झडप घालून त्याचा हात धरला. तो हात गरम होता, खडबडीत होता, आणि त्याने तो विश्वासाने माझ्या हातात राहू दिला.

"वॉरिक, नीट ऐक," मी म्हटलं. "नळी काढायची नाही. कोणीही सांगितलं तरी नाही. मी समोर येऊन, हसून, शपथ घालून सांगितलं तरी नाही. माझा चेहरा दिसला तरी माझं काही म्हणजे काही ऐकायचं नाही. कळलं?"

त्याने मान वाकवून माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याचे डोळे माझ्या कपाळावरून डोळ्यांवर, डोळ्यांवरून ओठांवर गेले, आणि मग मला दिसलं की तो घाबरलाय. आजवर तो एकदाही घाबरला नव्हता. त्याने आपला हात माझ्या हातातून हळूच सोडवून घेतला.

"बरं," तो म्हणाला. "मग हे ऐकू की नको?"